कोरडं तळं आन् भरलेला कंप्युटर

तळं आटलं की गाळ उरतो आन् नोकरी आटली की किस्से. माझ्याकडं एवढे साठलेत की उपसायला जेसीबी लागंल! लातूरच्या पाणी मोजायच्या हापिसात मी जीप चालवायचो. शिक्षण सातवी, तीबी मास्तर कंटाळले म्हणून. पण साहेबांच्या शेजारी बसून बसून सेन्सर, व्होल्ट असले शब्द तोंडात बसले.

त्या दुष्काळात शिरूर अनंतपाळकडच्या एका गावच्या तळ्यात सेन्सर बसवला. तळ्यात उभा पाइप, पाइपात सेन्सर. पाणी चढंल तसे व्होल्ट वाढणार, आन् हापिसातला कंप्युटर त्या व्होल्टचा आकडा करणार. नियम असा, की कंप्युटर 'तळं रिकामं' म्हणेल तेव्हाच गावाला टँकर!

*

सेन्सरच्या पेटीवर पेंटरनं गाव लिहिलं, तालुका लिहिला. "साहेब, जिल्हा?"

आमचे भालेराव साहेब लई सावध माणूस. "थांब. उदगीर नवा जिल्हा होऊन राहिलाय, हा तालुका तिकडं जाईल. उगं खोडाखोड नको."

जागा मोकळीच राहिली. सरपंच गणपतराव मला म्हणले, "मामा, आमचं गाव हाय तरी कुठं?"

म्हणलं, "सध्या पेंटच्या डब्यात!"

*

एकदा साहेबांनी पेटी हापिसात आणली आन् तपासायला म्हणून सेन्सर पाण्याच्या माठात बुडवला. पेटी मात्र चालूच! तिकडं नांदेडच्या मोठ्या हापिसात पडद्यावर तळं भरलं. दुपारी मोठे साहेब हजर, संगं हार, नारळ आन् अर्धापूरची केळी.

"जलपूजन कुठं करायचं?"

मी माठाकडं बोट दाखवलं. नारळ आणलाच होता, तर फोडला. केळी मी खाल्ली!

*

कंप्युटरला टिंबाच्या पुढचं दिसायचं न्हाई. पावणेचार व्होल्ट आले तरी तो तीनच धरायचा. म्हणून किती दिवस तळं जागच्या जागी, आन् मग एका रात्रीत धाडकन एक आकडा खाली! वरून बोंब आली, पाणी चोरीला गेलं. पंचनाम्याला जमादार आला. त्यानं वही उघडली.

"चोर कुण्या वाटेनं गेला?"

म्हणलं, "टिंबाच्या!"

त्यानं तेबी लिहून घेतलं.

*

टिंब दुरुस्त होईस्तोवर तळं आटून पाणी सेन्सरच्याबी खाली गेलं. व्होल्ट शून्याच्या खाली उतरले, पण कंप्युटरला वजा आकडा ठाऊकच न्हाई!

साहेब म्हणले, "मामा, जीपचा मीटर शून्यावरनं एक घर मागं फिरवला तर?"

"सगळे नऊ."

"तसंच झालंय."

पडद्यावर तळं काठोकाठ. नियमानं टँकर न्हाई! साहेबांनी वर कळवलं. उत्तर आलं, "एवढं पाणी असताना तक्रार कशाची?"

गणपतराव आले. "साहेब, तळ्यात पोरं क्रिकेट खेळून राहिलीत!"

म्हणलं, "पोहता येणाऱ्यांनाच खेळवा."

त्या दिवशी गणपतराव हसले न्हाईत. "मामा, घरात एक घागर उरलीय," एवढंच म्हणले.

*

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जीप काढायला लावली. तळ्यात पाइपाजवळ उभं राहून हळूच म्हणले, "पाइप खालनं गाळानं बुजलाय. सेन्सर भिजेल एवढंच पाणी वरनं ओतलं, तर आकडा शून्याच्या जरा वर येईल. मग रिकामं दाखवेल."

गणपतरावांची आई, काशीबाई, घरातली घागर घेऊन आली. अर्धी ओतली. साहेब मोबाइलवर आकडा बघत होते.

"आणखी थोडं, मावशी."

म्हातारीनं एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा घागरीत. मग सगळी पालथी केली.

"काय म्हनतंय आता त्ये?"

"म्हणतंय, तळ्यात पाणी न्हाई. टँकर येईल, मावशी."

काशीबाईनं रिकामी घागर कडेवर घेतली.

"म्हंजे, पाजल्याबिगर खरं बोलत न्हाई म्हना की!"