‘न’पर्यंतची पाटी

माझा कुठलाही नाद महिन्याच्या वर टिकला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. घरच्यांनी त्याचा पुरेसा त्रास काढला आहे. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी रोहिणखेडजवळच्या आमच्या गावातून सायकलीने हायस्कुलात जात होतो. त्या दोन वर्षांत मी कबुतरं पाळली, पोस्टाची तिकिटं जमवली, आखाड्यात अकरा दिवस दंड मारले आणि टपालाने जादू शिकायला घेतली. कबुतरं शेवटी वडिलांनी सोडून दिली, कारण त्यांना दाणे टाकायचं मला आठवत नसे. “लोकायच्या पायाले भिंगरी असते, याच्या डोक्याले हाय,” वडील म्हणत. त्यांचं बरोबरच होतं.

अशातच एकदा आईला वाचायला शिकवायचं खूळ डोक्यात शिरलं. त्याला कारण मात्र खरं होतं. बहीण अकोल्याला दिलेली. तिची पत्रं मी वाचून दाखवायचो. मी घरी नसलो की आई ती किराणा दुकानात घेऊन जायची. दुकानदार माणूस चांगला, पण आवाज खणखणीत. सासूने काय सुनावलं तेही तो गिऱ्हाइकांसमोर वाचायचा. बहिणीला दिवस गेल्याची बातमी तर आईबरोबरच तेल घ्यायला आलेल्या चार बायकांनी ऐकली. आई घरी आली ती तोंड लाल करूनच.

“मले वाचाले शिकव बापा,” ती म्हणाली. “पोरीचं पत्र आता दुकानात नाही नेत मी.”

आमचा भाजीचा मळा. दुपारी आई विहिरीजवळ मेथीच्या जुड्या बांधत बसायची, तिथेच मी पाटी घेऊन बसलो. पद्धत माझी स्वतःची होती आणि तिचा मला फार अभिमान होता: एक अक्षर, त्याची बाराखडी आणि एक भाजी. ‘क’ कांद्याचा, ‘ग’ गवारीचा, ‘ढ’ ढेमशाचा. ‘ण’ला भाजी सापडेना, तेव्हा आई म्हणाली, “राहू दे, त्याले उपाशी ठेव.” मला शाळेत जेवढं यायला दोन वर्षं लागली, तेवढं तिने तीन आठवड्यांत उरकलं. ‘न’ नवलकोलचा, इथवर आलो. दुसऱ्या दिवशी ‘प’ पालकाचा होता. त्या दिवशी एक मित्र मलकापूरहून बुलबुलतरंग घेऊन आला.

मग मी महिनाभर बुलबुलतरंग वाजवला. गाणं एकच, तेही अर्धं. आईने दोनदा विचारलं, “आज पाटी?” दोन्ही वेळा मी उद्या म्हणालो. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही आणि मला त्याचं बरंच वाटलं.

पुढच्या वर्षी मलकापूरला गाडीत बसून पुण्याला कॉलेजात गेलो. तिथे किल्ले चढायचा नाद लागला. दिवाळीला येतो असं आईला सांगून निघालो होतो. पण सुट्टीत मित्रांचा एका किल्ल्याचा बेत ठरला आणि मी घरी कार्ड टाकलं, अभ्यास आहे, येत नाही. ते कार्डही दुकानातच वाचलं जाणार, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

किल्ल्यावरून परतलो तर खोलीवर उत्तर येऊन पडलं होतं. पत्ता दुकानदाराच्या वळणदार अक्षरात. मजकूर मात्र त्याचा नव्हता. मोठ्या, वाकड्या अक्षरांत दोनच शब्द होते: ‘तू काऊन’. पुढे सगळं कार्ड कोरं.

खोलीतला मित्र साताऱ्याकडचा. त्याने कार्ड हातात घेऊन विचारलं, “हा काऊन कोण? तुमच्याकडचं आडनाव का?”

“काऊन म्हणजे का,” मी म्हटलं. मी हसणारच होतो. मग अक्षरं नीट पाहिली. त, क, ऊ, न. ‘न’च्या पुढचं एकही नव्हतं. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मित्र काहीतरी विचारत राहिला, मी ट्रंक भरायला घेतली.

दुसऱ्याच दिवशी निघालो. आई मळ्यातच होती, पुढ्यात पालकाचा ढीग. शेजारी माझी जुनी पाटी पडली होती आणि तिच्यावर ‘अ’पासून ‘न’पर्यंत सगळी अक्षरं त्याच दिवशी लिहिलेली दिसत होती. आई रागावली नाही. पाणी घेतोस का, एवढंच तिने विचारलं. मी तिच्यासमोर बसलो आणि कार्ड काढलं.

“काऊनच्या पुढे काय लिहायचं होतं?”

“‘येत नाही’ लिहाचं होतं,” जुडी बांधता बांधता ती म्हणाली. “पण ‘य’ कुठी शिकवला तू मले?”