मला दूध पचत नाही

माझ्या घरात एक कपाट नुसतं शालींनी भरलेलं आहे. पांघरण्याजोगी त्यात एकही नाही. सगळ्या त्या सत्काराच्या जातीच्या, पातळ, चकचकीत, डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या. बायको दर दिवाळीला त्या वाटून टाकते आणि पुढल्या दिवाळीपर्यंत कपाट पुन्हा भरतं. कुलगुरू माणसाला लोक शाल घालतात, नारळ देतात आणि नारळ देता देता कानाशी लागून भाच्याच्या नेमणुकीचं सांगतात. मीही मान डोलावत आलो. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून मी नोकरीची पहिली वर्षं काढली, तेव्हा जेवताना कधी घास अडला नाही. हल्ली अडतो.

वडील यवतमाळला कचेरीत कारकून होते. मी डॉक्टर व्हावं ही त्यांची फार इच्छा. मार्क थोडके पडले आणि मी ढोरांच्या डॉक्टरकीला गेलो. वडील लोकांना 'पोरगा डॉक्टरकीला आहे' एवढंच सांगायचे आणि समोरच्याने पुढे विचारायच्या आत पावसापाण्याचा विषय काढायचे. मी प्राध्यापक झालो तेव्हा त्यांची त्या खोटेपणातून सुटका झाली. माझा खोटेपणा मात्र तोवर सुरू झाला होता.

माझा पीएच.डी.चा विषय होता गाईंचं गाभडणं. मुकुटबनच्या पलीकडच्या एका गावात सातव्या-आठव्या महिन्याच्या गायी वासरं टाकत होत्या. हा आजार एका गाईवरून दुसरीवर जातो आणि गाईवरून माणसावरही येतो. पडलेलं वासरू किंवा त्याच्यामागून पडणारी वार उघड्या हातांनी उचलली तर येतो, कच्चं दूध प्यायलं तर येतो. मग ताप येतो, जातो, पुन्हा येतो. सांधे धरतात, कंबर जाते. माझे मार्गदर्शक सर कधी कुणाची काळजी करणारे नव्हते, पण मी गावाला निघालो तेव्हा त्यांनी बजावलं, "तिथे काहीही खा, पण धारेचं दूध तोंडाला लावू नको."

गावात कोणी रक्त काढू देईना. सुई टोचली की गाईचं दूध आटतं, असा सगळ्यांचा समज. दोन दिवस मी पारावर बसून माशा मारल्या. तिसऱ्या दिवशी एक बाई आपणहून आली. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. कपाशी वेचून आलेली, ओटीत बोंडांचा कचरा अजून तसाच.

"माह्या गाईचं घ्या रगत," ती म्हणाली. "मागल्या साली गाभडली व्हती. वासरू म्याच ओढून काढलं. औंदा जगलं. पण काय निंगालं ते मले येऊन सांगान. असं नको, का रगत घेतलं अन गेले."

"आठ दिवसांत येऊन सांगतो," मी म्हणालो.

तिने गाईचं तोंड छातीशी घट्ट धरलं आणि मी मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. कानात पितळी बिल्ला ठोकला, एक नंबरचा. मग तिने धार काढली आणि फेसाने भरलेला लोटा माझ्यापुढे केला. "प्या, डाक्टर भाऊ. सकाळपासून उन्हात हिंडून राह्यले."

"मला दूध पचत नाही, बाई."

"येवढ्या जवानीत?" तिला खरंच वाईट वाटलं. तिने माझ्यासाठी गुळाचा कोरा चहा मांडला. तो लोटा पोराला अर्धा दिला आणि अर्धा स्वतः उभ्या उभ्या प्यायली. मी चहा फुंकत ते पाहत होतो. वासरू हातांनी ओढून काढलेली बाई, तोच तो कच्च्या दुधाचा लोटा, आणि या विषयात पदवी मिळवायला निघालेला मी, अशी आम्ही एका ओसरीवर बसलो होतो. मी तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं असतं तर गावात घबराट झाली असती आणि उरलेल्या गायी मला मिळाल्या नसत्या. तिचं बघून पुढच्या दोन दिवसांत सगळं गाव गायी घेऊन आलं.

ती तपासणी अगदी सोपी असते. पांढऱ्या फरशीवर रक्ताच्या पाण्याचा थेंब टाकायचा, त्यात गुलाबी औषध मिसळायचं आणि फरशी हलवत बसायचं. आजार असला की थेंब दूध नासावं तसा फुटतो. एक नंबरचा थेंब फुटला आणि मला आनंद झाला. होय, आनंदच. जितके थेंब फुटतील तितका प्रबंध वजनदार. सरांनी पेढे मागितले आणि मी ते आणलेही. पेढा हातात घेऊन मी विचारलं, "गावाला कळवायचं ना, सर?"

"आधी छापून येऊ दे," सर म्हणाले. "बोभाटा झाला तर उद्या कोणी दावणीला हात लावू देणार नाही. आणि कळवणं खात्याचं काम आहे, तुझं नाही."

आता सर हयात नाहीत, त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. पण त्यांचं बोलणं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, हे मला आठवतं. एसटीचा तो धक्के खात जाणारा दिवस वाचला. आठ दिवस झाले, महिना झाला, शोधनिबंध छापून आला, त्याला बक्षीस मिळालं, नोकरी लागली. मग एका खुर्चीवरून दुसरीवर. विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलगुरू. जसजसा वर चढलो तसतसा गाईंपासून लांब गेलो. शेवटी तर जनावरं फक्त तपासणी समिती येते त्या दिवशी दिसायची, धुऊनपुसून उभी केलेली. वरच्या प्रत्येक खुर्चीच्या अर्जात मी तो निबंध पहिल्या नंबरवर लिहीत आलो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या विद्यापीठाने काही गावं दत्तक घेतली. यादी माझ्या टेबलावर आली, त्यात ते गाव होतं. मी सही केली. कार्यक्रमाला गेलो तर फाट्यापासून माझे फोटो टांगलेले. मांडव, हार, फेटा, सगळं यथासांग. आमच्या एका प्राध्यापकाने माझा परिचय वाचला, निबंधाच्या बक्षिसासकट. हा गृहस्थ पदोन्नतीसाठी माझ्या मागे वर्षभर लाळ घोटत हिंडत होता. "साहेबांनी याच मातीत संशोधन केलं," तो ओरडला, "याच गावच्या गाईंनी साहेबांना देशभर पोचवलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाईंचं पुढे काय झालं ते ना त्याने सांगितलं, ना कोणी विचारलं.

चहा फिरू लागला तेव्हा एक म्हातारी काठी टेकत व्यासपीठाकडे आली. कमरेत अशी वाकलेली की तिचा चेहरा आधी दिसेचना. दुसऱ्या हातात ताटलीने झाकलेला पेला. पोरांनी तिला अडवलं.

"हटा बावा. साहेबायले कोरा लागते. दूध पचत नाही त्यायले, मले याद आहे."

त्या प्राध्यापकाने लगेच माइक ओढला. "बघा! हे गावचं प्रेम!" पुन्हा टाळ्या. फोटोवाला धावला. ती पेला माझ्या हातात देत असल्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. कार्यालयाने तो मोठा करून माझ्या दालनात लावला.

टाळ्या चालू असताना ती हळूच म्हणाली, "आमच्या गाईचं काय निंगालं व्हतं, डाक्टर भाऊ? तुमी आलेच नाई. आता हा माइकवाला म्हणे का त्याच्यावर बक्षीस भेटलं. मंग निंगालं असन काहीतरी."

मी तिच्या कमरेकडे पाहत होतो. "हे कधीपासून, बाई?"

"लय वर्सं झाली. ताप येते अन जाते. कोणी मलेरिया म्हणे, कोणी वात. वेचणीले जाणं तं कवाच सुटलं."

तिचा ताप त्यातलाच होता, हे इतक्या वर्षांनी कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण मला ओसरीवरचा तो लोटा आठवला. आणि मी काय म्हणालो? "बघून सांगतो," म्हणालो. तेच वाक्य. फक्त आठ दिवस म्हणालो नाही.

घरी आल्यावर प्रबंध काढला. कातडी बांधणी, सोनेरी अक्षरं, आत मधल्या पानांना कधी हात लागलेला नव्हता. मागच्या तक्त्यात गावाचं नाव नव्हतं, 'गाव क' होतं. मालकाचं नाव नव्हतं, कारण ते मी कधी विचारलंच नव्हतं. बिल्ला एक, वय पाच वर्षं, एकदा गाभडलेली, पुढे आजार असल्याचं अधिक चिन्ह. आयुष्यात हातून बऱ्याच घाणेरड्या गोष्टी गेल्या, खुर्चीवर बसून तर विचारू नका. पण त्या अधिक चिन्हाइतकी ओकारी मला कशाने आली नाही. कुठलंही जनावर चिरताना असं झालं नव्हतं.

रविवारी मी सरकारी गाडी न घेता एकटाच गेलो. ती ओसरीवर तुरी पाखडत बसली होती. तो अर्धा लोटा प्यायलेला पोरगा शेतात गेला होता, त्याची बायको चुलीपाशी होती. मी खाली बसलो आणि सांगितलं. गाईला आजार होता. मला पंधरा दिवसांतच कळलं होतं. आजार माणसालाही होतो.

"कसा?"

"टाकलेलं वासरू उघड्या हातांनी ओढलं तर होतो. कच्चं दूध प्यायलं तर होतो."

तिचं सूप थांबलं. शिव्या घालेल, रडेल असं वाटलं होतं. ती मागचं काहीतरी आठवत होती, एकेक करून.

"म्हंजे दुधानं होते हे तुमाले तवाच मालूम व्हतं?"

"होतं."

"म्हणून नाई पेले."

 मी भराभर बोलू लागलो. यवतमाळला नेतो, रक्त तपासू, मुलाचंही तपासू, ओळखीचे डॉक्टर आहेत, गाडी पाठवतो. कुलगुरूचं बोलणं होतं ते, मलाच ऐकवेना. तिने ते सगळं होऊ दिलं.

"जाऊ," ती म्हणाली. "पोराचं आधी पाहा."

चुलीपाशी सुनेने सासूच्या सांगण्याप्रमाणे माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवलं होतं. गुळाचा खडा त्यात टाकतच होती. म्हातारीने सूप पुन्हा हातात घेतलं आणि माझ्याकडे न बघता तिला सांगितलं,

"कोरा नको ठिवू वं. दुधाचाच दे यायले. पचते त्यायले."