दोन्ही पद्धतींचे गुणदोष

किसन गेल्याचं मला त्याच्या तेराव्यानंतर कळलं. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, ह्यांनी तुमच्या नावानं एक खोकं ठिवलंय. येऊन घिऊन जा." इतक्या वर्षांच्या मित्राची बातमी अशी खोक्याच्या निमित्तानं यावी, यात तक्रार कुणाची करू? तो राहायचा ते वाळूज काही परमुलूख नाही, शहराला लागूनच आहे. मीच जात नव्हतो... त्याच्यासमोर जायला मला तोंड नव्हतं.

शहरातल्या एका लहानशा भाषा-संशोधन संस्थेत आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. किसन पैठणकडच्या मेंढपाळांच्या घरातला. मी भिक्षुक-कारकुनांच्या, ज्यांची बोली शाळेच्या पुस्तकात आयतीच छापून येते. भाषेबद्दल आमचे दोन पंथ होते. मी नव्या सिद्धान्ताचा. मूल कानावर पडलेल्या तुटपुंज्या बोलण्यावरून अख्खी भाषा उभी करतं, म्हणजे नियम डोक्यात आधीच असणार; मग गावोगाव भटकायचं कशाला? वाक्य मनाशी म्हणून बघायचं, खटकलं तर त्यापुढे चांदणी काढायची. चांदणीचा अर्थ, असं कुणी बोलत नाही. किसनचं म्हणणं, माणूस नुसता बोलतच नाही. कुणाशी तरी, कुठंतरी, कशासाठी तरी बोलतो, आणि तसतशी त्याची भाषा बदलते. म्हणून तो कार्डं लिहायचा: वक्ता, ठिकाण, कुणाशी, वाक्य, आणि शेवटी शेऱ्याची एक ओळ. एकदा गुलमंडीवर चहा पिताना त्यानं माझी चांदण्यांची यादी वाचली आणि पोट धरून हसला. "अरे मधू, यातली निम्मी वाक्यं माझी माय रोज बोलती. तिला काय सांगू, तू नायसच म्हणून?" मीही हसलो, आणि घरी जाऊन निम्म्या चांदण्या खोडल्या. खरं तर दोन्ही पंथांना एकमेकांची गरज होती. मुलाला भाषा येतेच कशी, हे माझा सिद्धान्त सांगायचा. आलेली भाषा साहेबापुढं दबून का जाते, हे किसनची कार्डंच सांगू शकायची. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे दिवस आले. कोण कुणाबरोबर चहा पितो, यावर शहराची नजर असायची. किसन वसतिगृहातल्या मित्रांबरोबर मोर्चाला जायचा. "नाव म्हंजी काय नुसता शब्द हाय व्हय?" तो म्हणायचा, "ते कोण घेतंय अन् कोणाला घिऊ देत नायत, ते बघ." मी मान डोलवायचो आणि पुढच्या चौकात चार पावलं मागं राहायचो. त्याच सुमारास संचालकांनी मला बोलावलं. आमच्यापैकी एकालाच कायम करायचं होतं. मोर्चाचं नावही त्यांनी काढलं नाही. "दोन्ही पद्धतींचे गुणदोष लिहून द्या. तटस्थपणे," एवढंच म्हणाले आणि चष्म्यावरून बघत राहिले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला नजरच पुरली.

मी बारा पानं लिहिली. गुण सगळे माझ्या पदरात, दोष सगळे त्याच्या. 'कार्डं जमवणं ही हमाली आहे, शास्त्र नव्हे' हे वाक्य माझंच. खोडलेल्या चांदण्याही पुन्हा काढल्या. यातलं मला काहीच पटत नव्हतं, याची आज सर्वांत जास्त लाज वाटते. मित्राला मी मोर्चाची शिक्षा दिली आणि तिला विद्वत्ता म्हणालो. मी कायम झालो, किसन वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागला. जाण्याआधी गुलमंडीवरच्या त्याच चहाच्या हॉटेलात त्यानं विचारलं, "कोणी लिव्हलं असंल रं ते?"

"मला खरंच माहीत नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि उरलेला चहा संपवला. पुढं विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा तो पेढे घेऊन माझ्या दारात आला होता. तो पेढा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

मागच्या आठवड्यात वाळूजला गेलो. वहिनींनी बुटाचं खोकं पुढं ठेवलं, आत कार्डंच कार्डं. कारखान्यातही त्याचं लिहिणं सुटलं नव्हतं. बीडचा फिटर, जालन्याचा वॉचमन, कँटीनमधली बाई, सगळे नावानिशी होते. माझ्याच्यानं राहवेना. म्हणालो, "वहिनी, तो अहवाल मी लिहिला होता."

"त्यांला माहीत व्हतं की," त्या शांतपणे म्हणाल्या. "बारा पानं वाचून आल्ते ते. तुमचं बोलणं वळखायचे नाय व्हय? मधू वाईट नाय, लई भ्यालेला हाय, म्हणायचे."

खोकं आता संस्थेतल्या आमच्या त्याच टेबलावर आहे, किसन बसायचा त्या बाजूला. त्यात एक जुनं कार्ड आहे. वक्ता: मधू. ठिकाण: गुलमंडी, चहाचं हॉटेल. कुणाशी: माझ्याशी. वाक्य: 'मला खरंच माहीत नाही.' शेऱ्याची ओळ त्यानं कोरी सोडली आहे. ती भरायला मी रोज पेन उघडतो... चांदणी काढावी, तर 'असं कुणी बोलत नाही' हे तरी कसं लिहू? मी बोललो होतो.