भोकं विकणारी लॅब

पेंढा आणि स्पिरिटचे ड्रम एका छपराखाली आले, की किस्से आपोआप साचत जातात. वरवे बुद्रुकच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये तर इतके साचलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो. बहुतेक सगळे संशयाचे. लोकांना आमचा संशय, आम्हाला लोकांचा, आणि मला तर सगळ्यांचाच!

काम तसं सोपं. भाताच्या पेंढ्यातून सेल्युलोज काढायचं, त्याची जेली करायची आणि ती आकसू न देता वाळवायची. आत बारीक बारीक पोकळ्या टिकल्या, तर कापसासारखा हलका ठोकळा मिळतो. तो उष्णता अडवतो.

*

पहिले ड्रम आणणारा टेम्पो कापूरहोळला चहाला थांबला. टपरीवाल्याला वास लागला. त्याने ड्रायव्हरला बाजूला घेतलं.

"पेंढ्याची काढत्यात व्हय? कशी लागती?"

"अहो, लॅबचा माल आहे."

टपरीवाल्याने डोळा मारला. "लॅब! लई भारी नाव ठिवलंय!"

*

पेंढा वेल्ह्याच्या हौसाबाईंकडून यायचा. पहिल्याच खेपेला त्यांनी मला अडवलं.

"जनावराला न्हाई, छपराला न्हाई, मग पेंढा कशाला?"

"जेली करतो, मावशी."

हौसाबाईंनी टेम्पोतून दोन भारे परत खाली ओढले. "आदी करून दावा, मंग न्या!"

*

मग लॅबमध्ये दारू गाळतात अशी गावातून तक्रार गेली आणि सरपंच स्वतः बघायला आले. आमच्या मॅडमनी, म्हणजे लॅबच्या मालकिणीने, त्यांच्या तळहातावर तयार ठोकळा ठेवला. सरपंचांनी हात वरखाली करून पाहिला.

"ह्यात माल कुठाय?"

"माल फार थोडा. बाकी सगळी भोकं," मॅडम म्हणाल्या.

सरपंच माझ्याकडे वळले. "म्हंजे तुमी भोकं इकनार? आन् लोक ती घेनार?"

बाहेर पडताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. दारूचा संशय गेला, पण आता आम्ही जास्त मोठे ठग ठरलो!

*

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण पावसाळ्यात जेली आकसायला लागली.

जेलीतलं पाणी तसंच वाळू दिलं, तर जाता जाता ते पोकळ्यांच्या भिंती एकमेकींवर ओढतं आणि ठोकळ्याचा पापड होतो. म्हणून जेली ट्रेमध्ये ठेवून पाण्याच्या जागी आधी स्पिरिट भरायचं, रोज आधीपेक्षा कडक, चार दिवस. मग स्पिरिट काढायला दाबाखाली कार्बन डायऑक्साइड. शेवटच्या स्पिरिटात पाणी राहिलं, की केलेलं सगळं वाया.

आमच्या दोन बॅचेस वाया गेल्या. आमचे ठोकळे घेणार असलेली, लसींच्या थंड पेट्या बनवणारी पुण्याची कंपनी म्हणाली, आता एकच संधी. मॅडम म्हणाल्या, ती हुकली तर लॅब बंद.

मी ट्रेमधल्या कडक स्पिरिटची तीव्रता मोजली. पातळ! म्हणजे कुणीतरी पितंय आणि वर पाणी घालतंय. वॉचमन अण्णा रोज जेवणाच्या सुट्टीत गेट सोडून ट्रेपाशी घोटाळताना दिसायचे. मी मुद्दाम त्यांच्या तोंडाजवळ जाऊन वास घेतला.

"लवंग हाय, सायेब," अण्णा म्हणाले. "दाढ दुखतीया. तुमाला देऊ का?"

लवंग चघळतात म्हणजे नक्कीच वास लपवतात! मी मॅडमना जाऊन सांगितलं.

*

मॅडमनी अण्णांना आठ दिवस घरी बसायला सांगितलं. चोरी सिद्ध झाली तर कायमचंच. अण्णांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि "बरं म्याडम" म्हणून निघून गेले. तेव्हा मला चक्क बरं वाटलं, हे सांगायलाही आज लाज वाटते.

त्या आठवड्यात एक ट्रायल बॅच मी एकट्याने केली. ती सगळ्यात जास्त आकसली!

अण्णा नसतानाही आकसली, म्हणून मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. अण्णा आले, ट्रेपाशी वाकले.

"आता झाकनं कोन लावतंय?"

"कसली झाकणं?" मॅडमनी विचारलं.

"जेवाया जाताना ट्रे उघडेच ऱ्हात्यात, म्याडम. ह्या दमट हवेत स्पिरिट पानी वढून घेतंय. म्या येऊन झाकायचो, पर गेटवरनं यीस्तवर अर्धा तास जायाचा."

ट्रे माझे होते. जेवायला जाणाराही मीच.

"अहो अण्णा, मग हे आधी का नाही बोललात?" मॅडमचा आवाज चढला. "तुमची नोकरी जात होती!"

अण्णांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"म्हनलं, उगं सायबांवर संशय यायचा!"