पाखऱ्याची भिंत

राजनंदिनीला निरगुडसर पंचक्रोशीत सगळे ओळखत. कशासाठी? तर शाळेच्या भिंतीवर अननस आणि आगगाडी रंगवणारी बाई म्हणून. चित्रकला शिकून आली तेव्हा तिला चेहरे काढायचे होते, हुबेहूब, भिंतभर. गावाने तिला पाढे दिले, 'झाडे लावा' दिलं, आणि 'बाईमाणसाला परांचीवर चढायची काय हौस' हे वर फुकटात दिलं. तरुणपणाची चांगली वर्षं अननसांत गेली.

मग राजुरीच्या धर्माजींचा पाखऱ्या गेला.

पाखऱ्या म्हणजे शर्यतीचा बैल. बैलगाडा शर्यतीच्या कुठल्याही घाटात, म्हणजे धावपट्टीवर, त्याचं नाव पुकारलं की बसलेली माणसं उभी राहत. धर्माजींच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ती मोडून त्यांनी बेल्ह्याच्या बाजारातून हे वासरू आणलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता त्याचा दहावा घालायचा होता, रीतसर, प्रवचनासकट. बाहेरचं कुणी हसलं तर खुशाल हसो. घरातलं माणूस गेलं की दहावा घालतातच. त्या दिवशी रस्त्याकडच्या भिंतीवर पाखऱ्याचा चेहरा हवा होता, समोरून बघणारा, आणि ते काम राजनंदिनीकडे आलं. घाटाघाटांची माणसं येणार. साधलं तर तिला पुढे चेहऱ्यांची कामं मिळणार होती, फसलं तर जन्मभर अननस.

फोटो धर्माजींच्या मुलाने, दादाभाऊने दिला. बैलाच्या गळ्यात हात टाकून काढलेली सेल्फी. जवळून काढलेला तेवढा एकच होता. त्यावरून तिने केस न् केस रंगवला. धर्माजी मात्र एकदाही बघायला आले नाहीत. रोज भिंतीकडे पाठ करून ओट्यावर बसत. "दहाव्यालाच बघीन," एवढंच म्हणाले होते.

दहाव्याच्या सकाळी मांडव भरू लागला, तरी ती शेवटचा हात फिरवतच होती. धर्माजींची बायको गजराबाई चहा घेऊन आली आणि वर बघत उभी राहिली. चहा निवून गेला.

"लई ग्वाड काढलाय, बाय. पर..."

"पर काय, मावशी?"

"त्याचं वाकडं शिंग डावं व्हतं. घाटात पडला तवाचं. मी त्याच अंगाला उभी राहून भाकर द्यायची. ह्यो आमचा न्हाई."

राजनंदिनीने फोटो उघडला. दादाभाऊच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता. सेल्फीने सगळं आरशासारखं उलटं केलं होतं, आणि ही शहाणी इतके दिवस नुसता बैल बघत बसली होती! तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

दादाभाऊ धावत आला. "ताई, आता गप ऱ्हावा. बाबांना मोतीबिंदू हाय, त्यास्नी काय दिसतंय? मानसं आली राव!"

गप्प राहणं सोपं होतं. मांडवात मोबाईल वर झाले होते, लोक वा वा करत होते. पण आज ना उद्या घाटातला कुणीतरी ओळखणारच. आणि धर्माजी? ते पाठमोरे बसले होते, खांदे आक्रसून. त्यांना परका बैल दाखवायचा? राजनंदिनीने रोलर पांढऱ्या रंगात बुडवला आणि सगळ्यांसमोर चेहरा पुसून टाकला.

"बाईनं बैलाचं मुंडकं उडवलं की!" कुणीतरी ओरडलं.

ती खाली उतरून धर्माजींपाशी गेली. "बाबा, माझी चूक झाली. मी त्याला उलटा काढला. तो कसा होता, ते आता तुम्हीच सांगा."

धर्माजी आता हाकलून देणार, अशी तिची खात्रीच झाली. मग ते उठले, भिंतीपाशी आले आणि ओल्या पांढऱ्यावर बोट टेकवलं. "हितं केसांचा भवरा. डावं शिंग असं, खाली. रागावला का ह्यो कान मागं घ्यायचा."

ते बोलत गेले, ती रंगवत गेली. प्रवचन सुरू झालं, संपलं. जेवणं वाढून झाली तरी माणसं भिंतीसमोरून हलेनात. डोळा पुरा झाला तेव्हा धर्माजींनी सवयीने चित्रातल्या पाखऱ्याच्या गळ्याखाली हात घातला आणि खाजवलं. गळ्याच्या लोंबत्या पोळीवर बोटं उमटली.

"बाबा, रंग वला हाय!" दादाभाऊ ओरडला. राजनंदिनीने ब्रश उचलला.

"ऱ्हाऊ दे, पोरी," धर्माजी म्हणाले आणि हमसून हमसून रडायला लागले. कुणी त्यांना आवरलं नाही.

गर्दी पांगू लागली, तेव्हा बेल्ह्याचे म्हातारे हौशीराम टोपी हातात घेऊन परांचीपाशी आले.

"ताई, आमची म्हातारी काढशीला का? फोटो न्हाई तिचा एकबी. पर मी सांगतो की."

राजनंदिनीने फळीवरचे डबे बाजूला सारले. "बसा, आजोबा," ती म्हणाली. "कपाळापासून सांगा."