व्हर्लाचं एक मत

आमच्या खोऱ्यात अग्निशमन मंडळावर निवडून येणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. व्हर्ला फ्यूरिमननं त्या बावीस वर्षं भाजल्या. आधी शाळेची बस चालवायची, निवृत्तीनंतर मंडळाची अध्यक्ष. घरपट्टीसोबत मंडळाचा कर येतो, लोक शिव्या तिला देतात. मीही दिल्यात. आणि बंब चालवतो मीच, फुकट.

गेल्या जानेवारीत कालव्यापलीकडे राहणारी ओपल नावाची बाई घरासकट जळाली. आम्हाला पोचायला चाळीस मिनिटं लागली. पलीकडे दुसरं बंबघर हवं, हे कुणी सांगायला नको होतं. बर्फातही रस्ता मोकळा राहतो अशी जागा एकच, कालव्याच्या कोपऱ्यावरची. ती व्हर्ला आणि तिचा धाकटा भाऊ एल्डन यांच्या सामाईक नावावर. एल्डन म्हणे, "बापाची जमीन मी विकणार नाही. बस्स."

मोबदला देऊन सक्तीनं जमीन घ्यायचा अधिकार मंडळाला आहे. पण मंडळात माणसं तीन. एकाचा होकार, एकाचा नकार, आणि व्हर्लाचे हात बांधलेले.

मंडळाचा वकील म्हणाला, "स्वतःच्या जमिनीवर मत देता येत नाही, बाई. भावाच्या चालतं."

आठवड्याभरात तिनं आपला हिस्सा एल्डनला बक्षीस लिहून दिला. तो इतका हरखला की पीचचा केक घेऊन तिच्या दारात हजर. "शेवटी रक्ताचं नातं!"

"मंगळवारी बैठकीला ये," एवढंच ती म्हणाली. केक तिनं खाल्ला नाही.

मंगळवारी तिनं मतं पुकारली. एक हो. एक नाही. मग स्वतःचंच नाव घेऊन म्हणाली, "हो."

एल्डन ताडकन उठला. "म्हणजे हिसकावून घेता यावी म्हणून दिलीस?"

"हो. पैसे सगळे तुझेच."

"काडी लाव त्या पैशाला!"

"एल्डन, त्या दिवशी ओपलच्या दारात बादल्या ओतत तूच उभा होतास. आम्ही येईपर्यंत. तिच्या शेजारचं घर तुझं आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर."

त्यानं टोपी चढवली आणि निघून गेला. मला दोघांचीही कीव आली, खोटं कशाला सांगू?

बंबघर उभं राहिलं. एल्डन नाताळलाही तिच्याकडे फिरकला नाही. मी विषय काढला तेव्हा व्हर्ला म्हणाली, "रागवायला माणूस जिवंत आहे ना तिकडे."