अण्णांचा सा

आमच्या गाण्यात तबला नव्हता, पेटी नव्हती, तंबोरासुद्धा नव्हता. होते ते अण्णा, माझे थोरले भाऊ. डोळे मिटून ते ‘सरी’ म्हणायचे, म्हणजे कानडीत ‘बरं, चला’, सा लावायचे आणि गाणं संपेपर्यंत सोडायचे नाहीत. श्वास कधी घ्यायचे, देव जाणे. त्या सा-वर वहिनी, मी आणि शेजारी राहायला आलेले पुण्याचे इंजिनिअर असे तिघं गायचो, कोणी वर, कोणी खाली. लोक वहिनीच्या आवाजावर डोलायचे. अण्णाही गाताहेत हे निम्म्यांच्या गावीही नसायचं, आणि त्याचा मला भारी राग यायचा.

हे सुरू झालं रामनवमीच्या मांडवात. पेटीवाल्याने ऐनवेळी दगा दिला, म्हणून अण्णांनी आम्हाला तसंच गायला बसवलं. पानक प्यायला आलेले लोक भांडं हातात धरून ऐकत राहिले. मग बसवनगुडी, मल्लेश्वरम, शहरात कुठून कुठून बोलावणी येऊ लागली आणि अण्णा हट्टालाच पेटले. वाद्याला हात लावायचा नाही, घरच्या तालमीतही नाही.

“माझ्याकडे कान ठेवा, पुरे,” म्हणायचे. आम्ही तो इतका ठेवला की अण्णा लावतील तोच सा, असं होऊन बसलं.

पुढे रेडिओच्या चाचणीचं बोलावणं आलं. त्या हिवाळ्यात अण्णांचा खोकला हटत नव्हता, पण ऐकतील तर शपथ. आम्ही गायलो, आणि छान गायलो असंच वाटलं. तपासणारे गृहस्थ भले होते. त्यांनी पेटीवर एक सूर वाजवला, आम्ही सुरू केला होता तो. मग दुसरा वाजवला, आम्ही संपवला तो. दोन्हींत चांगलंच अंतर होतं. अण्णा घसरले होते आणि त्यांच्या मागोमाग आम्ही तिघं, एकालाही पत्ता नाही. “स्वल्प खाली आलं,” ते गृहस्थ कन्नडमध्ये हळूच म्हणाले.

आठवड्याभरात इंजिनिअर श्रुतिपेटी घेऊन आले. भाता हलवत राहिलं की एकच सूर देत राहणारी ती छोटी पेटी.

“नुसता आधार हो, अण्णा,” ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. “आणि अण्णांनी काय करायचं? भाता हलवायचा?”

अण्णांनी पेटी स्वतःकडे ओढली आणि भाता हलवू लागले.

दुसऱ्या चाचणीत आम्ही पास झालो. रेडिओवर गायलो, मोठमोठ्या सभागृहांत गायलो. सूर तसूभर हलला नाही. अण्णा मागे बसून तोंड मिटून भाता हलवायचे. मला ते बघवायचं नाही. पुढे डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं आणि तेही संपलं. अण्णांनी अंथरूण धरलं.

एका संध्याकाळी इंजिनिअर नेहमीसारखे पेटी घेऊन आले. अण्णांनी मान हलवून ती नको म्हटलं. मग डोळे मिटले. “सरी,” म्हणाले आणि सा लावला. फाटका, खरखरीत, पण लावला. आम्ही गाऊ लागलो.

दुसऱ्या कडव्याला तो उतरायला लागला. या वेळी तिघांनाही ऐकू येत होतं. पेटी इंजिनिअरांच्या पायाशीच होती. त्यांनी तिला हात लावला नाही. आधी वहिनीने आवाज खाली आणला, मग त्यांनी, मग मी. असे उतरत उतरत आम्ही कुठे पोचलो कोण जाणे. शेवटी वहिनीचा गळा पोचेना, तिचे नुसते ओठ हलत होते.

गाणं संपल्यावर अण्णांनी डोळे उघडले आणि इंजिनिअरांकडे बघितलं.

“राहिला ना जागेवर?”

“राहिला, अण्णा,” ते म्हणाले.